खालच्या गावची शेवटची बस

बंदरावरच्या माहिती केंद्राची खिडकी सकाळी नऊला उघडायची आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायची. त्या खिडकीमागे गेली बत्तीस वर्षं एकच बाई बसत होती. बेटावरची माणसं तिला चौकशीताई म्हणत. तिला दुसरं नाव आहे हे तिच्या शेजाऱ्यांनाही आठवून आठवून सांगावं लागलं असतं.

बोटीतून उतरलेला पाहुणा आधी आकाशाकडे बघायचा, मग डोंगराकडे, आणि मग थेट तिच्या खिडकीकडे यायचा. प्रश्न ठरलेले. डोंगर आत्ता फुटेल का? नळाचं पाणी प्यायलं तर चालेल का? काळ्या वाळूवर अनवाणी चालता येतं का? ताईची उत्तरंही ठरलेली. डोंगर फुटायचा असला तर दोन दिवस आधी कळवतो, तो आमच्या साहेबांसारखा नाही. पाणी खुशाल प्या. वाळूवर मात्र अकरानंतर अनवाणी गेलात तर नाचत परत याल. पाहुणे हसायचे, आणि ताई त्यांच्या हातात पुस्तिका ठेवायची.

ही पुस्तिका तिच्या बाबांनी सुरू केलेली. बत्तीस पानं, मधोमध नकाशा. कुठली बस कधी, सावली कुठे, पोहायचं कुठे आणि कुठे नाही, डोंगराच्या तोंडापर्यंत चालायला किती वेळ. बाबांचा एक नियम होता. स्वतः चालून बघितल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही. पण बाबांची चाल म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखी. म्हणून ते आईला बरोबर घेऊन निघायचे आणि घड्याळ तिच्या हातात द्यायचे.

“पाहुणे माझ्यासारखे नसतात, हिच्यासारखे असतात,” ते म्हणायचे. “प्रत्येक झाडाखाली थांबतात आणि प्रत्येक म्हातारीशी बोलतात.”

“मग लिहा की तसं,” आई म्हणायची. “चाळीस मिनिटं, म्हातारी भेटली तर पन्नास.”

बाबांनी ते तसंच छापलं होतं. लहानपणी ताई त्या दोघांच्या मागून चालायची. आईच्या निळ्या चपला, त्यांच्यावर बसलेली काळी धूळ, आणि आईचं मध्येच थांबून “अगंबाई, केवढं ऊन” म्हणणं. पुढे रस्ते बदलले, डांबर आलं, पण ताईनं ती मिनिटं कधी बदलली नाहीत. आजही पाहुणे आईच्याच चालीनं बेट बघत होते, आणि ताईला त्याचं मनातून सुख वाटायचं.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला सहाशे प्रती छापून आल्या. छापण्याआधी ताईनं सगळं दोनदा वाचलं होतं. एकदा दुधानं तोंड भाजलेलं होतं, ती ताकही फुंकून पीत होती. ते भाजणं काय, ते पुढे येईलच.

दहाव्या दिवशी एक मध्यमवयीन जोडपं खिडकीशी आलं. नवऱ्याचं नाक उन्हानं सोललं होतं. बायकोनं पुस्तिका गुंडाळून हातात धरली होती.

“तुमचे आभार मानायला आलो,” बाई म्हणाली. “खालचं गाव फारच सुंदर. त्या नळाच्या पाण्याला काय गोडी! आणि बस अगदी पुस्तिकेत दिलीय तशी, पाच दहाला. आम्ही पाच वाजताच जाऊन उभे होतो.”

ताई सवयीनं हसली.

“कुठलं गाव म्हणालात?”

“खालचं गाव. पान चौदा.”

तिनं समोरच्या गठ्ठ्यातली एक प्रत उचलली. पान चौदावर यंदा उन्हापासून काळजी कशी घ्यावी ते होतं. टोपी, पाणी, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये. तसं ते तिनं दोनदा वाचलं होतं. पण हातातल्या प्रतीत ते नव्हतं. तिथं जुन्या वळणाच्या टायपात छापलं होतं: खालचं गाव. बंदरापासून बसने चाळीस मिनिटे. चौकात पाण्याचा नळ व बाक. परतीची शेवटची बस ५.१०.

खालचं गाव एकतीस वर्षांपूर्वी लाव्ह्याखाली गेलं होतं. ताईचं घर त्याच गावात होतं.

आता ते भाजणं सांगायला हवं. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची. नोकरीला वर्ष व्हायचं होतं, आणि बाबांनी पहिल्यांदाच एक अख्खं पान तिच्यावर सोपवलं होतं. हंगाम बदलला की बसच्या वेळा बदलायच्या. खालच्या गावची शेवटची बस पाच दहाची चार वीस होणार होती. डेपोनं तसं कळवलं, तिनं कागदावर टिपून घेतलं, आणि तपासताना मात्र समोर गेल्या वर्षीचा कागद ठेवला. चूक एवढीच. पुस्तिका छापून आली त्या संध्याकाळी पहिली प्रत घेऊन ती घरी पळाली. आईनं पान चौदा उघडून चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. “हे आमच्या मुलीनं केलंय.”

दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं. बंदरावरच्या सगळ्या प्रतींवर दोघांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. घरच्या खिळ्यावरची प्रत दोघांच्याही ध्यानात राहिली नाही.

तीन आठवड्यांनी डोंगरानं निरोप धाडला. दोन दिवस जमीन हलत होती. गाव ट्रकांतून, बसमधून बंदरावर आलं. बाबा यादी घेऊन धक्क्यावर, ताई खिडकीत. आईनं शेजारणीबरोबर निरोप पाठवला की घर आवरून, कोंबड्या सोडून शेवटच्या बसनं येते, वेळ भिंतीवर लिहिलेलीच आहे. चार वीसची बस चौकातून निघाली तेव्हा नळापाशी कोणी नव्हतं. ड्रायव्हरला वाटलं, ट्रकमधून गेली असेल. पावणेपाचला रस्ता बंद झाला.

कोणी ताईला बोल लावला नाही. बाबांनी त्यानंतर अठरा वर्षांत या विषयावर एकच वाक्य काढलं. “पुढच्या वेळी दोनदा वाचत जा.” त्यांनी ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं ताईला अजून वाटायचं.

दुपारी ती खिडकीवर पाटी लावून छापखान्यात गेली. छापखाना चालवणारे शाईकाका सत्तरी ओलांडलेले. जुन्या पानांच्या छपाईच्या फिल्म ते खाकी पाकिटांत घालून, साल टाकून फळीवर ठेवत आणि दर वर्षी बदललेली तेवढीच पानं नवी करत. त्यांनी पान चौदा डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि खुर्चीत बसले.

“पाकिटावर साल मीच टाकलं होतं, यंदाचं,” ते म्हणाले. “आणि ही फिल्म माझ्याकडे नाहीच, पोरी. तुझ्या बाबांनी त्या वर्षी माझ्यासमोर कात्रीनं तिचे तुकडे केले. मीच केरात टाकले.”

“मग हे छापलं कशावरून?”

शाईकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

साहेबांना कळवणं भाग होतं. साहेब फोनवर म्हणाले, “चिठ्ठ्या चिकटवा. शनिवारपर्यंत झालं पाहिजे. पाहुणे तिथं दगडात जाऊन पडले तर माझी मान अडकेल.”

“चिकटवते,” ताई म्हणाली.

पण तिनं त्या चिकटवल्या नाहीत. माहितीच्या खिडकीचं पोट तक्रारींवर चालतं. बस पाच मिनिटं उशिरा आली तरी पाहुणा येऊन सुनावून जातो. इथं जगात नसलेल्या गावाला माणसं जात होती, नसलेल्या बसनं परत येत होती, आणि तक्रार एकही नव्हती. उलट येताना त्यांच्या चेहऱ्यावर घरचं जेवून आल्याची तृप्ती असायची.

ताई त्यांना विचारायला लागली. आधी सहज विचारल्यासारखं, मग कागद पुढ्यात घेऊन. बस कुठल्या रंगाची? पिवळी. बेटावरच्या पिवळ्या बसेस वीस वर्षांपूर्वी गेल्या, आता पांढऱ्या. कुठे उतरलात? बंदराच्या अलीकडच्या वळणावर, ड्रायव्हर म्हणाला पुढे जात नाही. चौकात काय दिसलं? नळ, बाक, चिंचोळी गल्ली. गल्लीत? डावीकडे हिरव्या दाराचं घर, दोरीवर धुणं, आणि अंगणात कोंबड्या. किती कोंबड्या? पाहुणे हसायचे. एकानं मात्र नीट आठवून सांगितलं, सात. एक लंगडी.

लंगडी होती. ताई कागदावर सात लिहायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. तिला वाईट वाटत नव्हतं. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन ती सगळे कागद मांडायची. कोणी सांगितलेला पायरीवरचा तडा, कोणी सांगितलेला कोयरीच्या नक्षीचा पडदा. हिरव्या दाराचं घर एकेका पाहुण्यागणिक भरत चाललं होतं. स्वयंपाकघरात अजून कोणी डोकावलं नव्हतं. पण हंगाम मोठा होता, डोकावलं असतं कोणीतरी.

शनिवार गेला. साहेबांचा फोन आला. ती म्हणाली, “डिंक संपलाय.”

रविवारी ती स्वतः गेली. पिशवीत पान चौदा, पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, पाहुण्यासारखी. पांढरी बस लाव्ह्याच्या अलीकडच्या कुंपणापर्यंत जायची. तिथून पुढे काळा दगड, थेट समुद्रापर्यंत, घडीवर घडी पडलेला. पाऊलवाट नव्हती. ती अंदाजानं चौकाच्या जागी जाऊन उभी राहिली. उन्हानं दगड तापले होते, चपलांचे तळवे चिकटत होते. पाच वाजले. पाच दहा झाले. एक पाल दगडाच्या भेगेत शिरली. सहापर्यंत ती उभी होती.

“मला नाही का?” ती मोठ्यानं म्हणाली. वारासुद्धा नव्हता.

मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका आली. एकटी फिरणारी, छत्री घेऊन. नीटनेटकी बाई. ताईनं विचारायच्या आधीच सांगायला लागली.

“काल मी खालच्या गावात जाऊन आले. सगळं छान. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिलीय, म्हणून सांगते. बसमध्ये एकच जागा उरली होती. स्टॉपवर माझ्याआधीपासून एक बाई उभी होती, हातात पिशवी, इथलीच. मी म्हटलं, तुम्ही चढा, तुमचा नंबर आधी. ती ऐकेचना. म्हणाली, छे छे, पाहुणे आधी. आमच्याकडे तशी रीत आहे.”

रीत होती. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर बाबांनीच ती छापली होती. उन्हातून आलेल्या पाहुण्याला बसमध्ये आधी जागा, बेटावरची माणसं मागून. पुढे मोठ्या बसेस आल्या, सगळ्यांनाच जागा मिळायला लागली आणि रीत आपोआप गेली.

“मी म्हटलं, अहो पण ही शेवटची बस ना?” शिक्षिका सांगत होती. “तर म्हणाली, असू दे, उद्या जाईन. रोजच भरून येतेय अलीकडे. पूर्वी कोणी नसायचं तेव्हा बसही यायची नाही. आता माझ्या मुलीची पुस्तिका लोक वाचायला लागलेत, म्हणून यायला लागलीय.”

ताईच्या हातातली पेन्सिल थांबली.

“कशी होती ती बाई?”

“चाळिशीची असेल. तुमच्याहून बरीच लहान. हसरी. पायात निळ्या चपला.” शिक्षिका जरा थांबली. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?”

ताईनं मान हलवली. शिक्षिका गेल्यावर तिनं खिडकी अर्ध्यावर ओढली आणि तिथंच जमिनीवर बसली. आठवडाभर ती पाहुण्यांना गोड बोलून पाठवत होती. कोंबड्या मोजून घेत होती. आणि तिनं पाठवलेला एकेक पाहुणा आईची जागा घेऊन परत येत होता. दुसऱ्यांदा. तिच्याच पानावरून, दुसऱ्यांदा.

डिंक होताच. तिनं चिठ्ठ्या कापल्या. टोपी घालावी, पाणी प्यावे, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये. एकेका प्रतीवर ती चिठ्ठी ठेवून तळहातानं दाबायची. खालचं गाव झाकलं जायचं. नळ झाकला जायचा. पन्नासाव्या प्रतीपर्यंत तिला रडू येत होतं, मग नुसते हात चालत राहिले. मनात एक हिशेबही चालू होता आणि तो बरोबर की चूक, हे विचारायला जगात कोणी नव्हतं. बस सुरू झालीय. पाहुणे थांबले, तर एखाद दिवस ती रिकामी येईल. रिकामी आली, तर आई चढेल. की पान झाकलं की बसही बंद?

चारशे नव्वद प्रती तिच्याकडे होत्या. उरलेल्या एकशे दहा बेटभर पसरलेल्या. दोन दिवस ती हॉटेलांतून फिरली. खोल्यांची दारं वाजवली, समुद्रकाठी ओल्या पाहुण्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. लोक म्हणायला लागले, चौकशीताईंचं डोकं उन्हानं फिरलं. जे बोटीनं परत गेले होते त्यांचा प्रश्न नव्हता, ते काही आता खालच्या गावात जाणार नव्हते. गुरुवारी दुपारी दोन वाजता शेवटची प्रत मिळाली. एका आजोबांनी ती चुरगळलेल्या टोपीत अस्तर म्हणून घातली होती. ताईनं त्यांच्या टोपीतच चिठ्ठी चिकटवली.

मग ती खिडकीत येऊन बसली.

चार वाजले. बोटीची वेळ नव्हती, धक्क्यावर कोणी नव्हतं. तिनं टेबल पुसलं. नकाशे सारखे केले. पाच वाजले. पाच दहा झाले तेव्हा तिनं घड्याळाकडे बघायचं टाळलं, म्हणजे बघितलंच.

बसला चाळीस मिनिटं लागतात. वळणावरून चालत पाच. म्हातारी भेटली तर दहा.

पाच पंचावन्न. रस्त्यावर पिवळं ऊन होतं. कुठलाही आवाज नव्हता.

सहा वाजता तिनं शटरच्या दांडीला हात घातला.

“अहो बाई, बंद करताय का? जरा विचारायचं होतं.”

खिडकीशी पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. कपाळावर घाम, पायांवर काळी धूळ. चेहऱ्यावर दमल्याचं हसू. ताईनं दांडी सोडली नाही.

“विचारा,” ती म्हणाली. बत्तीस वर्षांच्या सवयीनं आवाज तेवढा बाहेर आला.

“माझी मुलगी बसते इथं. एकोणीस वर्षांची आहे, दोन वेण्या घालते. आज नाही का आली?”

ताईनं तोंड उघडलं. पन्नास वर्षांचं तोंड, काळं-पांढरं डोकं, नाकावर चष्मा. समोरची बाई तिच्या चेहऱ्याकडे अदबीनं बघत होती. एखाद्या कचेरीतल्या वयस्कर बाईंकडे बघावं तसं.

“बस,” ताई म्हणाली. “बस मिळाली तुम्हाला?”

“मिळाली की! आज एकही पाहुणा नव्हता, मी एकटीच. पाच दहा म्हणजे पाच दहा. पुस्तिकेत लिहिलंय तस्सं.” बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तिनंच केलंय ते पान. आमच्या शेजारणीला उगाच शंका, वेळ चुकली असेल म्हणे. मी म्हटलं, आमची मुलगी चुकायची नाही.”

बाहेर ऊन तसंच होतं. ताईनं दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले. इतक्या वर्षांत जे काही सांगायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर तिला आठवेना.

“आई,” ती म्हणाली.

बाई दचकली. लगेच वळून तिनं मागे बघितलं. रिकामा रस्ता, रिकामा धक्का. तिनं हाताची सावली डोळ्यांवर धरून पार वळणापर्यंत नजर टाकली, आणि मग ताईकडे वळून मायेनं हसली.

“दिसत नाहीत हो कुठे तुमच्या आई. येतील. घाबरू नका.”